अंडरटोनचं खूळ सोडा, आधी उजेडात या

कोरी_पाटी

मनगट उलटं करायचं आणि शिरा बघायच्या. हिरव्या दिसल्या तर त्वचेची झाक वॉर्म, म्हणजे पिवळसर; निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, म्हणजे गुलाबीसर. हे मी कित्येक वर्षं इमानेइतबारे करत आले. माझ्या मनगटावर एक शीर हिरवी आहे, तिच्या शेजारची निळी आहे आणि तिसरी दिसतच नाही. मग मी कोण?

माझं मत सरळ आहे. अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगाखालची ही झाक, हे विक्रीसाठी फुगवलेलं प्रकरण आहे. रंग किती उजळ आणि किती गडद एवढं जमलं, आणि बघताना उजेड धड असला, की फाउंडेशन जमतं. मागच्या वेळी काउंटरवर पिवळ्या दिव्यांखाली माझ्या हाताच्या पाठीवर ठिपका लावून "अगदी तुमचाच रंग" म्हणून बाटली गळ्यात मारली. घरी येताना लिफ्टच्या आरशात पाहिलं, तर चेहरा नारिंगी आणि मान दुसऱ्याच बाईची. हात बघून तोंडाचा रंग ठरवला की असंच होणार. यात अंडरटोनचा काय संबंध?

शाईचा_डाग

अगं, नारिंगी दिसलीस हेच तर अंडरटोन चुकल्याचं लक्षण! नुसती गडद शेड असती तर चेहरा काळवंडलेला दिसला असता.

शिरांबद्दल मात्र सहमत. शिरेतलं रक्त निळंही नसतं आणि हिरवंही नसतं, ते गडद लालच असतं. त्वचेत उजेड कसा विखुरतो आणि शीर किती खोल आहे त्यावर आपल्याला दिसणारा रंग ठरतो. त्वचा गडद असली तर शिरा धड दिसतही नाहीत. ती चाचणी निकामी आहे म्हणून अंडरटोनच नाही, हे म्हणजे तराजू मोडका म्हणून वजनच नसतं म्हणण्यासारखं झालं. त्वचेत मेलॅनिनचा तपकिरी, रक्ताचा लाल आणि कॅरोटीनचा पिवळा असे रंग एकत्र असतात. प्रमाण माणसागणिक वेगळं. मी आणि माझी बहीण सारख्याच सावळ्या, पण तिची बाटली मी लावली की लोक मला "बरं नाहीये का?" विचारतात.

कोरी_पाटी

बरं, मानलं. पण मग ओळखायचं कशावरून? सोनं शोभतं की चांदी, ही दुसरी चाचणी. मला दोन्ही शोभतं आणि दोन्ही परवडत नाही.

ब्रश_आणि_स्पंज

गेली बरीच वर्षं लोकांचे चेहरे रंगवते आहे, म्हणून मधे बोलते. बहुतेक फाउंडेशनच्या बाटलीत रंगाचे घटक मोजके चार असतात: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळं, लाल, काळं आयर्न ऑक्साइड. सगळा खेळ यांच्या प्रमाणाचा. पिवळं जास्त पडलं की वॉर्म, लालाकडे झुकलं की गुलाबी. त्यामुळे अंडरटोन ही बाटलीतली खरी गोष्ट आहे, कल्पना नाही.

पण कोरी_पाटीचंही अर्धं बरोबर आहे, कारण लेबलं भरवशाची नाहीत. मॅक या ब्रँडचंच घ्या. एनसी म्हणजे न्यूट्रल कूल, आणि त्या शेड्स जातात सोनेरी-पिवळसर त्वचेला! एनडब्ल्यू म्हणजे न्यूट्रल वॉर्म, त्या गुलाबी छटेच्या त्वचेला. बाकी बरेच ब्रँड नेमकं उलट लिहितात. एकीकडचं उत्तर दुसरीकडे नेलंत की फसलात.

आमच्यात ज्यांचे खरे हाल होतात ते ऑलिव्ह रंगाचे लोक. त्वचेत हिरवट झाक असते, ती ना वॉर्ममध्ये बसते ना कूलमध्ये. वॉर्म लावलं की नारिंगी, कूल लावलं की गुलाबी मुखवटा. कोरी_पाटी, तुमचं वर्णन वाचून मला तोच संशय येतोय.

उंबरठा

या चर्चेत कुणीच ऑक्सिडेशनबद्दल बोललं नाही. दुकानात जुळलेली शेड तासाभरात लोखंडासारखी गंजते आणि नारिंगी होते. कोरी_पाटीचं तेच झालं असणार.

ब्रश_आणि_स्पंज

शब्द सगळेच तो वापरतात, मीही वापरते. पण लाल-पिवळं आयर्न ऑक्साइड म्हणजे आधीच गंज. गंजाला आणखी काय गंज चढणार? रंग गडद होतो तो बहुतेक वेळा फाउंडेशनमधलं पाणी आणि उडून जाणारे घटक उडाल्यामुळे, आणि त्वचेचं तेल त्यात मुरल्यामुळे. कोरडी माती भिजली की गडद दिसते ना, तसं. म्हणून त्वचेवर फाउंडेशनचा पट्टा ओढून निदान अर्धा तास थांबायचं. कारण काहीही असो, उपाय तोच.

शेंदरी

फाउंडेशनवर एवढा खल झाला, आता ब्लशवर या. गालाला चिमटा काढून जो रंग येईल तोच ब्लश, हा नियम सगळीकडे सापडतो. माझ्या गालाला चिमटा काढला तर फक्त दुखतं. रंग काही दिसत नाही, मी गडद सावळी आहे. शिवाय "सावळ्यांनी फिकट गुलाबी लावू नये" हे ऐकून कान किटले. कुणी ठरवलं?

शाईचा_डाग

मनाई कुणीच करत नाहीये गं. पण फिकट गुलाबी पावडर ब्लशमध्ये पांढरा रंग भरपूर असतो आणि गडद त्वचेवर तो राखेसारखा तरंगतो. मग गालावर लाली नाही, खडू पुसलेला दिसतो. विटकरी, मनुकेसारखा जांभळट, गडद नारिंगी, हे डबीत बघून धडकी भरते पण गालावर उतरतात.

शेंदरी

हेच तर खटकतं. दोष पांढऱ्या रंगाचा आहे आणि सल्ला मात्र आमच्या त्वचेला! पारदर्शक जेलमधला गुलाबी मी लावते आणि तो छान दिसतो, कारण त्यात पांढरा भर नाही. नियम त्वचेवर नको, डबीत काय आहे त्यावर करा. आणि मेहरबानी केल्यासारखं बोलू नका. 2017 साली फेंटी ब्यूटी या ब्रँडने फाउंडेशनच्या 40 शेड्स एकदम आणल्या तेव्हा कुठे बाकीच्यांना गडद रंगाचेही गिऱ्हाईक असतात हे आठवलं.

शाईचा_डाग

हे मान्य. "मनाई नाही" म्हणत मीही तीच यादी वाचून दाखवली.

कोरी_पाटी

आत्ता करून पाहिलं. खिडकीपाशी, पण ऊन थेट न पडणाऱ्या जागी. तीन नमुने घेऊन गालाच्या खालच्या भागापासून जबड्याच्या कडेवरून मानेपर्यंत तीन उभे पट्टे ओढले. लाल टी-शर्ट काढून पांढरा घातला, कारण लाल कापडाशेजारी सगळंच हिरवट दिसत होतं. पस्तीस मिनिटं थांबले. पहिला पट्टा विटेसारखा, दुसरा राखाडी, तिसरा कुठे ओढला होता तेच सापडेना.

तिसऱ्यावर "ऑलिव्ह" लिहिलंय. अंडरटोनवाल्यांनी उड्या मारू नयेत. मी पट्टा बघून निवडला, शब्द नंतर वाचला.

शाईचा_डाग

आणि बनवणाऱ्याने अंडरटोन बघूनच बनवला!

ब्रश_आणि_स्पंज

तोच पट्टा कपाळावर ओढून बघा. पुष्कळांचं कपाळ मानेपेक्षा गडद असतं, तिथे तो पांढरट दिसेल. दिसला तर मानेशी जुळणारी शेड ठेवा आणि कडेने एक छटा गडद शेड मिसळा.

कोरी_पाटी

कपाळावर दिसतोय. म्हणजे आता दोन बाटल्या?