गोळ्यांना काही आठवत नाही
लॉटरीबद्दल एकाने लिहिलंय की बरेच दिवस न आलेला आकडा आता यायलाच हवा. अहो, सोडतीच्या आकडे लिहिलेल्या गोळ्यांना मागचं काही आठवत नाही! ४९ पैकी ६ आकड्यांच्या लॉटरीत १,३९,८३,८१६ संच होतात आणि प्रत्येक सोडतीत सगळ्यांची शक्यता सारखीच, अगदी १-२-३-४-५-६ चीसुद्धा. आठवड्याला एक तिकीट घेत राहिलात तर सरासरी अडीच लाखांहून जास्त वर्षांतून एकदा पहिलं बक्षीस. आकडे निवडण्यात अक्कल चालते ती एवढीच: पुष्कळजण वाढदिवसाच्या तारखा लावतात, त्यामुळे ३१ च्या पुढचे आकडे घेतले तर लागलंच तर वाटेकरी कमी. लागण्याची शक्यता मात्र तीच.

'लॉटरी म्हणजे गणित न येणाऱ्यांवरचा कर' हे मला अर्धंच पटतं. कर आहेच; जमा रकमेतला मोठा हिस्सा बक्षिसांत परत येत नाही आणि कमी मिळकतीची माणसं त्यात आपल्या कमाईचा जास्त वाटा घालतात. पण त्यांना गणित येत नाही असं कशावरून? चिल्लर साठवून दारिद्र्य फिटत नाही, हा हिशोब त्यांनी कधीच केलेला असतो.