प्रति: शिंका आल्या की लगेच अँटिबायोटिक?
वर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या ताईंनी लिहिलंय की घरात कोणाला शिंका सुरू झाल्या की त्या मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून देतात, ताई प्लीज असं नका करू, सर्दी आणि फ्लू दोन्ही व्हायरसमुळे होतात आणि अँटिबायोटिक चालतं फक्त बॅक्टेरियावर, उगाच पोट बिघडतं आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. साधी सर्दी ७ ते १० दिवसांत आपली आपण जाते. फ्लू एकदम येतो, सकाळी ठणठणीत अन् संध्याकाळी फणफणून ताप. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, दमा किंवा शुगरवालं कोणी असेल तर पहिल्या २ दिवसांतच डॉक्टर गाठा, फ्लूची गोळी तेव्हाच जास्त उपयोगी पडते.

आणि आपल्या ग्वाल्हेरला जानेवारीत कोहरा (दाट धुकं) पडला की अख्खं घर एका खोलीत, दारं-खिडक्या गच्च बंद, मधे हीटर, त्यात एकजण खोकतोय, मग बाकीच्यांना होणारच ना! दुपारी ऊन आलं की खिडक्या उघडा, खोकणाऱ्याचा टॉवेल अन् पेला वेगळा ठेवा. काढा खुशाल प्या, घशाला बरं वाटतं, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. फ्लूची लस दरवर्षी लागते, असर यायला २ आठवडे जातात, म्हणून थंडीच्या आधीच घ्या.