चर्चा: आधी स्टेज की आधी स्टुडिओ? बेळगाव पट्ट्यातल्या मेटल बँडनी आल्बम कधी करावा

टिळकवाडी_डाउनपिक (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या नव्या मेटल बँडचा क्रम साधारण असा दिसतो: गिटार घरी लॅपटॉपवर, ड्रम प्रोग्राम केलेले, आठ गाणी ऑनलाइन टाकली आणि त्यानंतर पहिला शो. माझं मत बरोबर उलट आहे. चार-पाच शो वाजवल्याशिवाय आल्बममधलं एकही गाणं पक्कं करू नये.

आधी वेगाचं बघा. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० बीट) सिक्स्टीन्थ नोट्समध्ये, म्हणजे एका बीटचे चार भाग करून, डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) म्हणजे सेकंदाला १३ हून जास्त ठोके, प्रत्येक पायाला साडेसहाच्या वर. माउसने हे दोन मिनिटांत लिहून होतं. ड्रमरला मात्र तेच सेटमधल्या सहाव्या गाण्यात, पोटऱ्या भरून आलेल्या असताना वाजवायचं असतं. तो हळूहळू १८५ वर घसरतो, गिटारवाले रेकॉर्डिंगच्या सवयीने पुढे पळतात आणि ब्रेकडाउनच्या (गाण्यातल्या संथ, जड भागाच्या) पहिल्या ठोक्यावर चौघंही चार ठिकाणी उतरतात. त्या गाण्याचा खरा वेग १८० होता, पण ते कळेपर्यंत आल्बम बाहेर पडलेला असतो.

दुसरं, जागा. आपल्याकडे शो होतात ते मंगल कार्यालयात नाहीतर शाळा-कॉलेजच्या सभागृहात. वर पत्रा, खाली फरशी, भिंती उघड्या. आवाज दोन सेकंद सहज घुमतो. २०० बीपीएमला अशा दोन किकमध्ये (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यांत) ७५ मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणजे एका किकचा घुमारा विरायच्या आत वर पंचवीसेक किक येऊन बसतात. ऐकणाऱ्याला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) ऐकूच येत नाही, नुसता गडगडाट येतो. किक सलग न ठेवता रिफच्या जोरांवर बसवली, ओळीच्या शेवटी अर्धा बार (चार बीटचा एक बार) मोकळा सोडला, की तेच गाणं त्याच हॉलमध्ये उघडतं. हे हेडफोनमध्ये कधीच समजत नाही.

ब्लॅक सॅबथचा पहिला आल्बम १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला, कारण गाणी आधीच क्लबांत वाजून घट्ट झाली होती. आणि १९९१ च्या आल्बमसाठी निर्माते बॉब रॉकनी मेटालिकासारख्या बँडलाही एकत्र बसून वाजवायला लावलं. त्याआधी ते ट्रॅक वेगवेगळे करत होते.

निपाणी_लोएंड

पूर्ण असहमत. शो आधी म्हणताय, पण शो कुठं आहेत? या पट्ट्यात मेटलसाठी दर आठवड्याला उघडी असणारी एक तरी जागा दाखवा. शो म्हणजे पुणे, गोवा किंवा बेंगळुरू. बेळगावहून पुणे जाऊन-येऊन जवळजवळ ६८० किलोमीटर. बारा सीटरची टेम्पो ट्रॅव्हलर लिटरला १० किलोमीटर धरली तरी ६८ लिटर डिझेल. त्यावर टोल, ड्रायव्हर, जेवण. हा खर्च अर्धवट गाणी तपासण्यासाठी करायचा?

दुसरी अडचण त्याहून मोठी. इथल्या बँडमध्ये एक जण पुण्यात नोकरीला, एक बेंगळुरूत शिकायला आणि दोघं गावात. एकत्र सराव महिन्यातून एकदा झाला तरी नशीब. अशा बँडला फायलींवरच लिहावं लागतं, आणि नीट केलं तर त्यात काही कमी पडत नाही. पद्धत एवढीच: पहिल्या दिवशी टेम्पो मॅप (गाण्याच्या कोणत्या भागाचा वेग किती) ठरवायचा आणि सगळ्यांनी तोच उघडायचा. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ सगळीकडे सारखं. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून एक्स्पोर्ट करायचा, मध्येच वाजत असला तरी. फाइलच्या नावातच गाणं, बीपीएम, तारीख. एकाने ४४.१ किलोहर्ट्झवर सेशन ठेवलं आणि सॉफ्टवेअरने दर न बदलता फाइल घेतली की वेग आणि सूर दोन्ही सरकतात. मग शनिवार-रविवार कारण शोधण्यातच जातात.

उदाहरणं तुम्ही दिलीत तशी उलटीही आहेत. स्वीडनच्या मेशुगाने २००५ च्या आल्बमवर ड्रम प्रोग्राम केलेलेच वापरले. दिल्लीचं ब्लडीवुड आधी यूट्यूबवर वाढलं, स्टेजवर नंतर गेलं.

टिळकवाडी_डाउनपिक

ब्लडीवुडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. व्हिडिओ आधी आले हे खरं. पण २०१९ ला युरोपचा दौरा आणि वाकेन (जर्मनीतला मेटल महोत्सव) झालं, आणि स्वतःच्या गाण्यांचा पहिला आल्बम आला २०२२ मध्ये. सुटी गाणी, मग स्टेज, मग आल्बम. मी तेच सांगतोय. सुटी गाणी टाकायला माझा विरोध नाहीच.

मेशुगाचे ड्रमर थॉमस हाके. प्रोग्राम केलेलं ते वाजवू शकत होते. इथे प्रश्न न वाजवता येणारं लिहिण्याचा आहे.

खानापूर_मिक्स

दोघांचंही अर्धं बरोबर. पण रेकॉर्डिंगबद्दल कुणी बोलायलाच तयार नाही, आणि बँडचे पैसे वाया जातात ते तिथंच.

खरे ड्रम रेकॉर्ड करायचे तर आठ चॅनल लागतात: किक, स्नेअर, तीन टॉम, हाय-हॅट आणि दोन ओव्हरहेड (किटच्या वर लावलेले माइक). दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर हवेत. दोरी घेऊन मोजा, अंदाजाने लावू नका. चार बोटांचा फरक पडला तरी दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना स्नेअर पातळ होतो आणि मग लोक इक्यूने (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करून) ते भरून काढायला बघतात, जे होत नाही. आपल्या घरांचे स्लॅब दहा फुटांवर. सिंबलचा आवाज छतावर आपटून लगेच माइकमध्ये परत येतो. भिंतीला घोंगडी टांगली की वरचा कर्कशपणा जातो, पण खालचा घुमणारा आवाज घोंगडीला दाद देत नाही. त्याला कोपऱ्यांत चार इंच जाड रॉकवूलचे पॅनल लागतात, आणि भिंतीपासून थोडे सुटे ठेवले तर काम अधिक चांगलं होतं.

एवढं जमणार नसेल तर मधला रस्ता आहे, जो मला प्रोग्रामिंगपेक्षा शंभर पटीने पसंत आहे. ड्रमरला इलेक्ट्रॉनिक किटवर बसवून पूर्ण गाणं मिडीमध्ये (आवाज नव्हे, कोणता ठोका कधी आणि किती जोरात याची नोंद) वाजवून घ्या. आवाज नंतर लायब्ररीतून बदलता येतो, पण हात-पाय माणसाचे राहतात. त्याला जे वाजत नाही ते रेकॉर्डच होत नाही, म्हणजे टिळकवाडीकरांची भीती तिथेच मिटली. फक्त रेकॉर्ड झाल्यावर वेलॉसिटी (ठोक्याचा जोर, जास्तीत जास्त १२७) बघा. किटची संवेदनशीलता चुकीची लावली असेल तर प्रत्येक ठोका १२७ वर जाऊन चिकटतो आणि ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान ठेका) शिवणयंत्रासारखा ऐकू येतो. आणि प्रोग्रामच करणार असाल तर एक नियम पाळा: एका क्षणी दोनच हात. स्नेअर, क्रॅश आणि हाय-हॅट एकाच ठोक्यावर लिहिलेले डेमो सर्रास येतात.

गिटार. ड्रॉप सीला (गिटार नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावतात ते) ९-४२ च्या पातळ तारा लावून रेकॉर्डिंगला येऊ नका. जोरात पिक मारला की सैल तार क्षणभर वर चढते. ट्यूनर बरोबर दाखवतो, पण पॉवर कॉर्ड बेसूर येतो. ११-५४ च्या आसपास जा. जाड तार लावल्यावर नटच्या (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा घासून रुंद कराव्या लागतात, नाहीतर तार अडकते आणि बेंडनंतर जागेवर येत नाही. ट्रेमोलो असेल तर मागे स्प्रिंग वाढवा, नेक बघा, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं) पुन्हा लावा. हे सगळं रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी, आदल्या रात्री नव्हे.

उजवी-डावी बाजू दोनदा खरोखर वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मध्येच ऐकू येतो, रुंदी येत नाही. गेन (आवाज किती फाटवायचा ते) शोमध्ये ठेवता त्याच्या दोन-तृतीयांश. दोन-चार थर एकत्र आले की गेन आपोआप वाढल्यासारखा वाटतो, आणि जास्त गेनमध्ये पिकचा आघात बुजतो. सोबत कोरा डीआय ट्रॅक (अँपशिवाय थेट गिटारमधून घेतलेला) ठेवा, पीक उणे १२ डीबीच्या आसपास. पुढे चांगला अँप मिळाला तर पुन्हा न वाजवता रीअँप करता येतं, म्हणजे तोच ट्रॅक त्या अँपमधून काढता येतो.

अर्थिंगचं तर कुणी बघतच नाही. जुन्या घरात सॉकेटला तीन भोकं असली तरी तिसऱ्यामागे वायर असेलच असं नाही. ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या वरच्या पट्ट्या रेकॉर्डिंगभर बसतात. सगळं सामान एकाच बोर्डवर घ्या, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढू नका. माइकला ओठ लागले आणि गिटार हातात असली तर जीवावर बेतू शकतं.

चिकोडी_गळा

शब्दांबद्दल कुणीच लिहीना, मग मी लिहितो की.

आपल्या भागातले बँड इंग्रजीत का लिहितात मला कळत नाही. मराठी ग्राउलला (घोगऱ्या, खोल आवाजातल्या गाण्याला) बसत नाही म्हणतात, ते खोटं आहे. भ, ध, घ, झ ही अक्षरं ओळीच्या सुरुवातीला घाला, आघात आपोआप येतो. लांब ओढायचा स्वर आ किंवा ओ ठेवा. ईवर ग्राउल ओढला की गळा आवळतो आणि आवाज पातळ होतो. तिथं हाय स्क्रीम वापरा, ई त्याला चांगली.

मीटर तर तयारच आहे. मोठा अभंग घ्या: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. एटथ नोटला (अर्ध्या बीटला) एक अक्षर धरा. पहिल्या तीन बारमध्ये सहा अक्षरं आणि दोन एटथची जागा मोकळी, तिथं स्नेअर बोलतो. चौथ्या बारमध्ये चारच अक्षरं, म्हणजे अर्धा बार रिकामा, आणि तिथं अख्ख्या बँडचा एकच ठोका. टिळकवाडीकर म्हणतात तो ओळीच्या शेवटचा मोकळा अर्धा बार हाच की ओ. वारीला जाणाऱ्या गावात वाढलेल्या पोरांच्या कानात हा हिशोब आधीच बसलेला असतो. रिफ आधी आणि शब्द नंतर कोंबायचे ही पद्धत सोडून चार ओळी आधी लिहून बघा.

शहापूर_डबलपेडल

मी धागाकर्त्याच्या बाजूने. पण निपाणीकरांचा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर व्यवस्थित देतो. पुण्याला जायची गरज नाही. बेळगाव–निपाणी–कोल्हापूर एकाच महामार्गावर आहे, कोल्हापूर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. हुबळी त्याहून थोडं कमी. शुक्रवारी एक, शनिवारी एक, रविवारी घरी, मुक्काम एकच. गोवा चोर्ला घाटाने जवळ दिसतं, पण पावसाळ्यात ड्रमकिट भरलेली गाडी त्या घाटात घालू नये.

तीन बँड मिळून एक गाडी आणि एकच ड्रमकिट. प्रत्येक ड्रमरने आपला स्नेअर, पेडल आणि सिंबल तेवढे आणायचे. स्टेजवरचा बदल पंधरा मिनिटांत होतो. वेळ अशी: साडेसहाला सुरू, प्रत्येकी ४० मिनिटं, मधे दोन बदल, नऊला संपलं. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि लेखी परवानगीशिवाय दहाच्या आतही लावता येत नाही. परवानगीच्या अर्जावर संपण्याची वेळ साडेनऊ लिहा. पहिल्या बँडला उशीर झाला तरी तिसऱ्याचा सेट कापावा लागत नाही.

साउंडवाल्यांना इनपुट लिस्ट आठवडाभर आधी पाठवा. किक, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, बेस, दोन गिटार, दोन गळे, एक बॅकिंग ट्रॅक: बारा चॅनल. आपल्याकडचे मंडप-साउंडवाले ऑर्केस्ट्रा आणि भजनाला तयार असतात, किकचा माइक बरेचदा त्यांच्याकडे नसतोच. तो स्वतःचा बाळगा. साउंडचेकला गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापायला सांगा. पत्र्याच्या हॉलमध्ये निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आणि सामान एसटीने किंवा कर्नाटकच्या बसने पाठवायच्या भानगडीत पडू नका. सीमाप्रश्न तापला की बससेवा थांबते, डिसेंबर २०२२ मध्ये थांबलीच होती. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस) आठवड्यात हॉल धरूच नका. पोस्टर मराठी आणि कन्नड दोन्हीत काढा, हुबळी-धारवाडची पोरं मेटल मनापासून ऐकतात.

निपाणी_लोएंड

कोल्हापूर-हुबळीचं गणित पटलं, ते मी धरलंच नव्हतं. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. पहिला शो मिळवायलाच आयोजक दोन गाणी मागतो, आणि तीही बरी वाजलेली. मोबाइलवर काढलेला सरावाचा व्हिडिओ पाठवला तर उत्तरसुद्धा येत नाही. रेकॉर्डिंग आधी लागतंच.

टिळकवाडी_डाउनपिक

दोन गाणी, मान्य. पूर्ण आल्बम नाही. ती दोन गाणी खानापूरकर म्हणतात तशी मिडी किटवर, ड्रमरच्या खऱ्या वेगात करा. बाकीची सहा सेटमध्ये वाजू द्या आणि प्रत्येक शो मिक्सरच्या बोर्डवरून रेकॉर्ड करून घ्या. साधा दोन चॅनलचा असला तरी चालेल. घरी येऊन प्रत्येक गाण्याचा प्रत्यक्ष वाजलेला बीपीएम काढा, सुरुवातीचा आणि शेवटचा. तीन शोमध्ये तोच भाग पळत असेल किंवा बसत असेल तर तिथली मांडणी चुकली आहे, ड्रमर नाही.

आल्बमच्या ड्रमची तारीख दसऱ्यानंतर धरा. बेळगावच्या पावसात लाकूड फुगतं, तारा गंजतात आणि नेक आठवड्याला हलते. पावसाळ्याचे महिने लिहिण्याला द्या.

खानापूर_मिक्स

बोर्डच्या रेकॉर्डिंगबद्दल एक: छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि अँप थेट ऐकू येतात म्हणून मिक्सरवर ते खाली ठेवलेले असतात. त्यामुळे बोर्डच्या फाइलमध्ये गळा डोक्यावर आणि गिटार गायब येतं. हॉलच्या मध्यावर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर एक रेकॉर्डर लावा आणि दोन्ही फाइल जुळवून घ्या. सुरुवातीला ड्रमरने चार वेळा काठ्या एकमेकींवर वाजवल्या की जुळवायला खूण मिळते.