डुकराच्या केसांचा नवा ब्रश: वास मारतो, टोचतो, केस गळतात. ठेवू की परत करू?

नमस्कार मंडळी. आजवर सिंथेटिक ब्रशने दाढी केली, आता हौसेने डुकराच्या केसांचा घेतलाय. भिजला की ओल्या जनावरासारखा वास येतो. शाम्पूने धुतला, थोडा कमी झाला, गेला नाही. टोकं गालाला टोचतात. मुख्य तक्रार म्हणजे फेस ब्रशच पिऊन टाकतो, उलटा हात मारायच्या वेळी काहीच उरत नाही. शिवाय दर वेळी साबणात दोन-तीन केस असतातच. नवेपणामुळे होतंय की मालच खराब आहे? बदलून घ्यायची मुदत अजून आहे, म्हणून घाईने विचारतोय.

प्रतिसाद १:
इतक्यात परत करू नका. हा केस जाड असतो आणि वापरता वापरता टोकाला त्याला फाटे फुटतात. मग टोक मऊ, पण खालचा भाग ताठच. या ब्रशची खरी मजा त्यातच आहे. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचेही ब्रश मिळतात, त्या केसांची टोकं मुळातच निमुळती, त्यामुळे तो ब्रश एवढा रुळवावा लागत नाही.
फेस पितो कारण केस पाणी शोषतो. कोरडाच साबणावर घासलात तर तो फेसातलंच पाणी ओढणार. दाढीआधी तीन-चार मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग हलकेच झटका. उकळतं पाणी अजिबात नको. केस ठिसूळ होतात आणि बुडाचं चिकटवण सुटू शकतं.
रुळवायची घाई असेल तर दाढी नसेल त्या दिवशीही तळहातावर फेस काढून धुवा. वासही त्यातच जाईल. त्यावर अत्तरं शिंपडू नका (असे महाभाग पाहिलेत).

प्रतिसाद २:
गळलेला केस नीट बघा. पूर्ण लांबीचा असेल तर बुडातून सुटलाय. सुरुवातीला असे सुटे केस पडतातच. काही आठवड्यांनीही थांबले नाहीत किंवा झुबकाच हाती आला, तर चिकटवण्यातच खोट आहे. पण केसाचा तुकडा असेल तर तो मधेच मोडतोय, म्हणजे ब्रश चेहऱ्यावर दाबून गोल गोल घासला जातोय. रंगाच्या ब्रशसारखा टोकांनी वर-खाली फिरवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पाहिलं, केस पूर्ण लांबीचे आहेत. वाळवताना उलटा टांगायचा का?

प्रतिसाद १:
यावर लोक हिरिरीने भांडतात. माझ्या मते उभा ठेवा नाहीतर टांगा, हवा लागल्याशी कारण. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, झटका, टॉवेलवर टिपा. ओला ब्रश डबीत किंवा बंद कपाटात ठेवू नका. पाणी जड असेल तर बुडाशी साबणाचा पांढरा थर बसतो. तेव्हा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून स्वच्छ धुवायचा.

धागाकर्ता:
ठीक. मुदत संपेपर्यंत रोज फेस काढतो. गळणं कमी झालं नाही तर मात्र बदलून घेईन.