मदत हवी आहे: तळ्यातले जिताडे जातात कुठे?

आमचं घर पेणच्या खारेपाटात, मागे जुनं तळं. ऑगस्टच्या उधाणात बाबांनी उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराशी, पाग (फेकायचं जाळं) टाकून जिताडा माशाची ४० पिल्लं मिळवली, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि तळ्यात सोडली. परवा तळ्यात चार वेळा पाग टाकला, मिळून ११ हाती लागली. त्यातला एक सव्वा वितीचा, बाकीचे माझ्या मधल्या बोटाएवढे. मेलेला मासा तरंगताना एकदाही दिसला नाही. मला पाणकावळ्यांचा संशय, बाबांना शेजारच्या काकांचा. आठ दिवस दोन घरांत बोलणं बंद आहे.

हे जिताडेच ना? मोठ्याची पाठ हिरवट-राखाडी, पोट चंदेरी, डोळ्यांवर कपाळ आत दबलेलं, खालचा जबडा पुढे आलेला, शेपटी गोल. रात्री बॅटरी मारली की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. आई वेंगुर्ल्याची, ती याला चोणक म्हणते. बाबा म्हणतात चोणक वेगळा. हा वाद त्यांच्या लग्नापासूनचा आहे, मिटला तर बरं.

शिवाय एक जोडी राखून तळ्यातच पिल्लं काढायचा बाबांचा बेत आहे. जमेल का?

बांधावरचा:
आईंचं बरोबर. जिताडा तोच चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. इराणच्या आखातापासून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत किनाऱ्याला, खाड्यांत सापडतो.

चोर तळ्यातच आहे, तो सव्वा वितीचा! त्याचा जबडा बघा, डोळ्याच्याही मागे जातो. आपल्या निम्म्या लांबीचा भाऊ तो सहज गिळतो, मग तरंगणार काय? सगळी पिल्लं एका मापाची सोडली तरी एखादं पुढे निघतंच, आणि बाकीची त्याचं खाद्य होतात. लहान असताना आठ-दहा दिवसांनी मापाप्रमाणे वेगळी करावी लागतात. आता निदान मोठा बाहेर काढा, उरलेल्यांना कोळंबी नाहीतर टिलापियाची पिल्लं टाका.

खारपाणी:
जोडीचं विसरा. जिताडा आधी नर असतो आणि बरीच वर्षं गेल्यावर, चांगला वजनदार झाला की त्याचीच मादी होते. तुमच्याकडे सध्या असलेच तर सगळे नरच. वाढतो तो गोड्या पाण्यातसुद्धा, पण अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातच जातो. तळ्यात तुम्ही त्याला समुद्र कुठून देणार? चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त टाक्यांत त्याची पिल्लं काढली, ती मोठे नर-मादी सांभाळून, संप्रेरकं देऊन. पुढच्या वेळी हॅचरीतून एका मापाचं बी, म्हणजे पिल्लं, आणा.

धागाकर्ता:
आभार. मोठा काल संध्याकाळी काढला, सकाळी कालवण झालं. आईने पहिली वाटी "चोणकाचं" म्हणून बाबांपुढे ठेवली आणि दुसरी माझ्या हातून काकांकडे पाठवली. काकांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, तळ्यात जास्त झाले होते."