मागच्या चाकांचे डिस्क पॅड घरी बदलताना पिस्टन आत जात नाही

प्रश्न : आर्णीकर (जि. यवतमाळ)

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची मारुती एस-क्रॉस आहे. तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि हँडब्रेक हाताने ओढण्याचा आहे. आमचा शेताकडचा पांदण रस्ता पावसाळ्यात चिखलाने भरतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच चिखलाची धूळ होते, त्यामुळे गाडीची खालची बाजू वर्षभर मातीतच असते. मागच्या डाव्या चाकातून ब्रेक दाबताना घासल्याचा आवाज येऊ लागला म्हणून चाक काढले. तेव्हा आतल्या पॅडचे अस्तर जवळजवळ लोखंडापर्यंत झिजलेले, तर बाहेरच्या पॅडचे अर्ध्याहून अधिक शिल्लक असल्याचे दिसले. डिस्कच्या आतल्या बाजूवर नखाला अडकतील अशा रेघा आहेत. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड मात्र सारखेच झिजले आहेत.

पुढचे पॅड मी नेहमी घरीच बदलतो. तिथे सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावला की पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) आत सरकतो. मागे तोच क्लॅम्प लावला तर पिस्टन हलत नाही, म्हणून जोर न लावता काम थांबवले आहे. पिस्टन आत कसा घ्यावा, डिस्क लेथवर फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) वापरावी की नवीन बसवावी, आणि एकच पॅड असा का झिजला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वर्धेकर

आपण थांबलात हे फार चांगले झाले. आधी हँडब्रेकची केबल कुठे जाते ते पाहा. ती कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन ज्यात असतात त्या डिस्कवरच्या पकडीच्या) मागच्या छोट्या लिव्हरला जोडलेली असेल, तर हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच असते. तिथे आट्यांचा एक दांडा असतो आणि पॅड झिजत जातो तसा पिस्टन त्या आट्यांवरून पुढे येत राहतो. असा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, तो दाब देत देत फिरवावा लागतो. क्लॅम्पने जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा तुटते आणि संपूर्ण कॅलिपर बदलावा लागतो. केबल डिस्कच्या मागच्या पत्र्यात शिरत असेल, तर हँडब्रेकचे लायनर डिस्कच्या मधल्या टोपीत असतात आणि पिस्टन साधा असतो. आपले वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळते.

यासाठी पिस्टन फिरवण्याचे टूल सुट्या भागांच्या दुकानात मिळते. त्याच्या चकतीवरचे दात पिस्टनच्या तोंडावरील खाचांत बसवावेत, हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि हळूहळू फिरवावे. बहुतेक गाड्यांत पिस्टन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत जातो, परंतु काही गाड्यांत एका बाजूच्या आट्या उलट असतात. म्हणून तो घट्ट लागला तर दिशा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फिरवताना पिस्टनभोवतीचे रबरी आवरण (बूट) पिळले जात नाही ना, याकडे लक्ष असू द्यावे. पिस्टन मागे जाताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढते. पॅड झिजल्यामुळे खाली गेलेली पातळी कोणी मध्येच भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडते आणि गाडीचा रंग उडवते, तेव्हा नव्या कोऱ्या सिरिंजने थोडे ऑइल आधीच काढून ठेवावे.

शेवटची एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. अशा कॅलिपरच्या आतल्या पॅडच्या पाठीवर बहुधा एक छोटी खुंटी असते आणि ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे. खाच खुंटीसमोर येईल असा पिस्टन फिरवून ठेवावा, नाहीतर पॅड तिरपा बसतो आणि पुन्हा वाकडाच झिजतो.

उत्तर : परतवाड्याहून

पिस्टनविषयी वर सांगितलेले बरोबर आहे. मला आपल्या तिसऱ्या प्रश्नाची अधिक काळजी वाटते, कारण झिजेचे कारण न शोधता नवे पॅड घातले तर तेही तसेच संपतील. हा कॅलिपर दोन पिनांवर सरकणारा असतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही आणि बहुतेक काम एकट्या आतल्या पॅडवर येते. मागच्या ब्रेकवर पुढच्यापेक्षा कमी भार असतो, त्यामुळे ते कमी तापतात, पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्यावर बसून राहतो आणि पिनांचे रबर फाटले असेल तर पाणी आत शिरते. दोन्ही पिना बाहेर काढून पुसाव्यात, खड्डे पडले असतील तर बदलाव्यात, आणि ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस तिथे चालत नाही, कारण त्याने रबर फुगते. पिना मोकळ्या निघाल्या तर कॅलिपरवरची हँडब्रेकची लिव्हर पाहावी. हँडब्रेक सोडल्यावर ती आपल्या थांब्याला टेकली पाहिजे. केबल गंजल्यामुळे ती मध्येच राहत असेल, तर पॅड सतत घासत राहतो.

डिस्कबाबत माझे मत स्पष्ट आहे. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. व्हर्नियर लावताना त्याचे जबडे कडेच्या गंजलेल्या ओठावर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून मायक्रोमीटरने ओठाच्या आत मोजावे. नखाला अडकणाऱ्या रेघा काढताना मागची पातळ डिस्क बहुधा त्या आकड्याच्या खाली जाते. त्यामुळे नवीनच घ्यावी, आणि डिस्क व पॅड दोन्ही बाजूंना जोडीनेच बदलावेत. चिखलदऱ्याचा घाट उतरताना दोन चाकांची पकड वेगवेगळी असणे मला तरी मान्य नाही.

आर्णीकर

आपणा दोघांचा आभारी आहे. केबल कॅलिपरच्या लिव्हरलाच जाते. डावीकडची खालची पिन पूर्ण अडकलेली होती आणि तिचे रबर फाटलेले होते. नागपूरहून सामान मागवले आहे. जुनी डिस्क मात्र हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) घट्ट धरून बसली आहे.

उत्तर : वर्धेकर

डिस्कला एखादा छोटा स्क्रू असेल तर तो आधी काढावा. तिच्या तोंडावर आट्यांची दोन छिद्रे असल्यास त्यांत मापाचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, म्हणजे डिस्क सरळ बाहेर येते. नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा, कारण तिथे खपली राहिली तर डिस्क किंचित डगमगते आणि पुढे पेडलला थरथर येते. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसून टाकावे. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

या कामात हँडब्रेक सोडलेला असतो, हे विसरू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून काम फरशीवर करावे किंवा जॅकखाली जाड सागवानी फळी घ्यावी, आणि जॅकस्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नये. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावेत.

सगळे बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, मग हँडब्रेक अनेकदा ओढून सोडावा आणि टाकीतील पातळी पाहावी. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर याच वेळी बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा किमान उकळबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस, तर ओलावा शिरल्यावर केवळ १४० धरला जातो. त्यानंतर नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून पहाटे यवतमाळ रस्ता रिकामा असताना ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करावा, मध्ये पूर्ण थांबू नये, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. घरी आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन पाहावे. डावे चाक उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापले असेल, तर पिन किंवा केबल अजून पूर्ण मोकळी झालेली नाही.