सीडी डॉट डॉट मारत कसले बसता, झेड लावा की राव

ठाणे_स्लो:
आज कॉलवर एक सीनियर स्क्रीन शेअर करून काहीतरी दाखवत होते, आम्ही नऊ जण बघतोय, आणि ते टर्मिनलवर सीडी डॉट डॉट (एक फोल्डर वर जा) एंटर, एलएस (आत काय आहे ते दाखव) एंटर, परत सीडी डॉट डॉट, परत एलएस असं करत चार पायऱ्या वर गेले, मग खाली उतरले ते चुकीच्या फोल्डरात, मग परत वर. डेटाबेसमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही आमच्याकडे, पण हे बघताना जीव नुसता वरखाली होत होता.

झोऑक्साइड टाका ना, फोल्डर लक्षात ठेवून थेट उडी मारणारं टूल, त्याची कमांड 'झेड'. शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग फाइलीत, म्हणजे बॅशआरसीत नाहीतर झेडएसएचआरसीत एक ओळ, बस. तुम्ही नेहमीसारखं सीडी करत राहायचं, ते गुपचूप टिपून ठेवतं की कुठे किती वेळा गेलात आणि शेवटचं कधी गेलात, आणि मग 'झेड बिल' म्हटलं की थेट बिलिंगच्या फोल्डरात. तासाभरात गेला असाल तर त्या फोल्डरचा स्कोअर चौपट धरतं, दिवसाभरात असेल तर दुप्पट, आठवड्यात निम्मा आणि त्याहून जुनं असेल तर पाव, म्हणजे सध्या ज्यावर काम चाललंय तेच वर येतं. सोबत मी सीडीपाथ पण लावलाय (सीडीने फोल्डर कुठे कुठे शोधायचा त्याची यादी), एक्स्पोर्ट करून, सुरुवातीला टिंब (म्हणजे आत्ताचा फोल्डर) ठेवून, सगळं व्यवस्थित. पूर्ण पाथ शेवटचा कधी टाइप केला आठवत नाही.

(सोमवारपासून एक बिल्ड स्क्रिप्ट फक्त माझ्याच मशीनवर आपटतेय, एक पाथ दोनदा छापते, बिल्डवाल्यांनी काहीतरी घोळ केलाय, पण तो वेगळा विषय.)

विरोध असेल तर कारण सांगा. 'सवय नाही' हे कारण धरणार नाही.

चाळीतला_रूट:
माझा विरोध, आणि सवयीचा काही संबंध नाही. माझ्याकडे क्लायंटचे साठेक सर्व्हर आहेत, तिथे साधं एडिटर टाकायचं तरी चेंज रिक्वेस्ट आणि दोन सह्या. तिथे मला मिळतं ते सीडी, सीडी डॅश (मागच्या फोल्डरात परत), टॅब आणि कंट्रोल आर (जुन्या कमांड शोधायला). लॅपटॉपवर हातांना झेडची चटक लावायची आणि सर्व्हरवर 'कमांड नॉट फाउंड' बघत बसायचं, हे नको.

पण खरं कारण दुसरं आहे. सीडी चुकलं की ते सरळ नाही म्हणतं, नो सच फाइल. म्हणून तर आपण मध्ये सेमिकोलन न टाकता && टाकतो, सीडी फसलं तर पुढचं डिलीट चालायलाच नको. झेड सहसा नाही म्हणतच नाही, त्याला दुसरं काहीतरी जुळणारं सापडतं आणि ते खुशाल तिकडे जातं, वर सगळं ठीक झालं असं सांगतं. मग && चा उपयोग काय?

हे मी भोगलंय. दोन फोल्डर होते, जुनं आणि नवं, दोन्हींच्या आत रिपोर्ट. आठवडाभर नव्यात काम केलं होतं. रात्री दोन वाजता जागा भरली म्हणून जुनं साफ करायला बसलो, 'झेड रिपोर्ट', &&, पुढे आरएम, म्हणजे डिलीट. एंटर मारल्यावर प्रॉम्प्टकडे बघितलं तर 'नवं/रिपोर्ट'. तीन दिवसांच्या पीडीएफ गेल्या. परत बनवता बनवता पहाटेचे पाच वाजले, स्टेशनवर चहा प्यायलो तेव्हा हात थरथरत होते. त्या दिवशी झेड काढलं.

ठाणे_स्लो:
रूट दादा, वाईट झालं, पण हा दोष आरएम स्टारचा (सगळं उडव) आहे. झेडला दोन शब्द देता येतात की, 'झेड जुनं रिपोर्ट' म्हटलं असतं तर बरोबर गेलं असतं, क्रमाने जुळवतं ते आणि शेवटचा शब्द पाथच्या शेवटच्या फोल्डरात लागतो. शंका असेल तर झेडआय मारा, यादी दाखवतं, निवडा आणि जा.

चाळीतला_रूट:
रात्री दोनला शंका येत नाही रे. तोच तर लोचा आहे.

दादर_पूर्व:
तुम्ही दोघं भांडताय आणि पुशडीचं नाव कोणी काढत नाही, जिथून निघालात ते फोल्डर स्टॅकवर रचून ठेवते ती कमांड. सी शेलच्या काळापासून आहे, बॅश-झेडएसएचमध्ये आयतं मिळतं, काही टाकायला नको आणि अंदाजपंचे कारभार नाही. पुशडी करून जायचं, पॉपडी करून परत यायचं, डर्स डॅश व्ही मारलं की नंबरवार यादी समोर. झेडएसएचमध्ये ऑटो पुशडी चालू केलं की साधं सीडीसुद्धा स्टॅकवर जातं.

ठाणे_स्लो:
पुशडी मी महिनाभर वापरलंय. 'पुशडी +२' मारलं की अख्खा स्टॅक फिरतो, मघाशी जो २ होता तो आता ०, बाकीच्यांचेही नंबर सरकले. दादरला राहता ना, डिसेंबर २०२३ मध्ये प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले तेव्हाचं आठवा, मध्य रेल्वेचा १ नंबर ८ झाला आणि लोक पुलावर उभे राहून बोर्ड वाचत होते. ते एकदाच झालं, पुशडीत दर वेळी.

दादर_पूर्व:
😂 हे मात्र खरं. मी स्वतः +१ च्या पुढे कधी जात नाही.

मालाडचा_मॅक:
थोडं अवांतर, एफझेडएफ (यादीतून शोधून निवडायचं टूल) मध्ये ऑल्ट सी मारून फोल्डर निवडता येतो म्हणतात, माझ्या मॅकवर नुसता शेपटीवाला सी उमटतो. झोल काय आहे?

ठाणे_स्लो:
टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ऑप्शनला मेटा की करा. मॅक त्या ऑप्शनने फ्रेंच अक्षरं काढतो.

क्लासवाली:
मी संध्याकाळी फ्रेशर्सना लिनक्स शिकवते, माझं मत रूटच्या बाजूने, पण कारण वेगळं. पहिल्या महिन्यात झेड दिलं की पोरांच्या डोक्यात फोल्डरांचं झाड बसतच नाही. लॉग कुठे असतात, कॉन्फिग कुठे, होम कुठे, विचारलं की 'मॅडम झेड लॉग'. आणि इंटरव्ह्यूत सीडी वेगळा प्रोग्राम नसून शेलमध्येच बिल्ट-इन का असतं विचारलं की गप्प. अरे, शेलने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसने स्वतःची डिरेक्टरी बदलली तर शेल जिथल्या तिथेच राहतो, म्हणून. युनिक्सच्या अगदी सुरुवातीला पीडीपी-७ या कॉम्प्युटरवर हेच झालं होतं, फोर्क (नवी चाइल्ड प्रोसेस काढणं) आलं आणि चालू असलेली चेंज डिरेक्टरीची कमांड एकाएकी चालेनाशी झाली, युनिक्स बनवणाऱ्यांपैकी डेनिस रिचींनी लिहून ठेवलंय ते. तुमचं झेडसुद्धा म्हणूनच शेलमधलं फंक्शन आहे, झोऑक्साइड फक्त पाथ शोधून देतं, जाणं शेललाच करावं लागतं.

आणि ठाणे, तुमची ती बिल्ड. बिल्डवाल्यांना शिव्या घालायच्या आधी सीडीपाथवरचा एक्स्पोर्ट काढून बघा.

ठाणे_स्लो:
त्याचा काय संबंध?

क्लासवाली:
स्क्रिप्ट आपण कुठे आहोत ते शोधायला बहुतेक सीडी करून पीडब्ल्यूडीचं (आत्ताच्या फोल्डरचा पाथ छापणारी कमांड) आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेत असेल. सीडीने फोल्डर सीडीपाथमधून उचलला की तो पोचल्यावर पाथ छापतो, माणसाला कळावं म्हणून. मग व्हेरिएबलमध्ये पाथ दोनदा, दोन ओळी. तुम्ही टिंबाने सुरुवात केलीय म्हणजे समोरचा फोल्डरसुद्धा सीडीपाथमधूनच सापडला असं धरलं जातं. एक्स्पोर्ट केल्यामुळे हे सगळं स्क्रिप्टपर्यंत पोचतं. नुसतं व्हेरिएबल ठेवा, शेलपुरतं.

ठाणे_स्लो:
च्यायला. एक्स्पोर्ट काढला, नवीन टर्मिनल उघडलं, बिल्ड चालली. सोमवारीच लावला होता मी सीडीपाथ. बिल्डच्या ग्रुपवर जे लिहिलंय ते आता डिलीट पण होत नाहीये.

झेड मात्र काढणार नाही.

चाळीतला_रूट:
काढू नकोस. त्यात एको नावाचं एक सेटिंग आहे, १ केलं की जायच्या आधी कुठे चाललोय ते छापतं. ते लाव. आणि आरएम वेगळ्या ओळीवर.

ठाणे_स्लो:
तुम्हाला बरं माहीत, काढलं होतं ना तुम्ही?

चाळीतला_रूट:
लॅपटॉपवर परत टाकलंय. दोन महिने झाले.